आईच्या स्मरणार्थ तालुक्याच्या रुग्णालयाला देणगी : यंत्र द्यावे की यंत्र चालवण्याचा खर्च?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

आमची आई २९ वर्षे अंगणवाडी सेविका होती. तुळईला टांगायचा स्प्रिंगचा वजनकाटा आणि त्याची कापडी झोळी पिशवीत घालून ती वस्त्यांवर जात असे. झोळीतले मूल पाय झाडू लागले की काट्याची सुई थरथरत राही, आणि ती स्थिरावेपर्यंत समोर उभे राहून खुळखुळा वाजवणे हे सुट्टीच्या दिवसांत आम्हा भावंडांचे काम असे. गेल्या वर्षी आई गेली. तिच्या ठेवी आणि आम्ही तिघांनी घातलेली भर मिळून ८ लाख रुपये होतात. ते तालुक्याच्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला द्यावेत, यावर आमचे एकमत आहे.

मतभेद आहेत ते नेमके काय द्यावे यावर. धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या मते डायलिसिसचे यंत्र द्यावे, कारण आमच्याकडच्या रुग्णांना त्यासाठी जिल्ह्याच्या गावी खेटे घालावे लागतात. ताईच्या मनात रुग्णवाहिका आहे. मला स्वतःला सोनोग्राफी यंत्र योग्य वाटते, कारण गरोदर बायकांनी वेळेवर तपासणी करून घ्यावी म्हणून आई आयुष्यभर लोकांच्या मागे लागत राहिली. येथे आरोग्यसेवेत हयात घालवलेली आणि न्यासांचे हिशेब पाहणारी मंडळी आहेत. या रकमेतून तेथील सेवेत खरोखर फरक पडेल असे काय करता येईल, आणि पैसे कोणत्या वाटेने द्यावेत, याबद्दल आपण मार्गदर्शन करावे.

निवृत्त_सिस्टर

आपल्या आईंबद्दल वाचून बरे वाटले. अंगणवाडीच्या बाईंनी पाठवलेली बाळंतीण कागदपत्रांसह येते, हा आमचा नेहमीचा अनुभव होता.

सोनोग्राफी यंत्राचा विचार आपण मनातून काढून टाकावा, असे मी स्पष्टच सांगते. माझ्या एका नेमणुकीच्या ठिकाणी एका कुटुंबाने असेच यंत्र दिले होते. श्रीफळ वाढवले गेले, फीत कापली गेली, भिंतीवर संगमरवरी पाटी लागली. गर्भलिंग निदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे सोनोग्राफीच्या जागेची नोंदणी लागते, त्या नोंदणीत यंत्राचा तपशील असावा लागतो, ते हाताळणारा डॉक्टर पात्रताधारक असावा लागतो आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या नोंदीचा एफ नमुना भरावा लागतो. हे सगळे जुळून आले, आणि ५ महिन्यांनी त्या डॉक्टरांची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आले नाही. पुढची २ वर्षे ते यंत्र शस्त्रक्रियागृहातल्या हिरव्या चादरीखाली उभे होते आणि त्याच्यावर जुन्या फायलींचा ढीग साठत होता. चादर मात्र दर आठवड्याला धुवायला जात असे.

रुग्णवाहिकेलाही चालक, डिझेल, विमा आणि टायर लागतात, आणि १०८ ची सेवा आधीपासून चालू आहे. तेव्हा अधीक्षकांच्या कचेरीत जाण्यापूर्वी आपण एक सकाळ प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर बसून काढावी. तेथे काय कमी आहे, हे सिस्टरांना आणि आयाबाईंना तोंडपाठ असते. त्यांना कोणी विचारत नाही एवढेच.

माझ्यापुरते सांगायचे तर सगळ्यात मोठी धास्ती विजेची असे. बाळ जन्मले, पुसून वॉर्मरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली, ठेवले आणि त्याच क्षणी वीज गेली, असे प्रसंग पावसाळ्यात अनेकदा आले. जनरेटर होता, पण तो चालू करणारा माणूस रात्री असेलच असे नव्हते, आणि डिझेलचे कुलूप वेगळ्याच माणसाकडे असे. मग बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वर दोन दुलया घालायच्या. एरवी हा उपाय उत्तमच; पण जे बाळ रडलेलेच नाही, त्याला आधी श्वास द्यावा लागतो, आणि मोबाइलच्या उजेडात सक्शनची (घशातला स्राव ओढून घेणारी) नळी धरून तो देताना काय होते, हे मी येथे लिहीत नाही.

तालुका_डॉक्टर

सिस्टरांच्या शब्दाशी मी सहमत आहे. डायलिसिसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हल्ली पुष्कळ देणगीदार हाच प्रस्ताव घेऊन येतात आणि त्यामागची कळकळ खरी असते.

एका रुग्णाचे डायलिसिस साधारण ४ तास चालते. यंत्रातून मिनिटाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे एका वेळेला १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. त्यासाठी आरओचा स्वतंत्र संच बसवावा लागतो, आणि त्या पाण्याची नियमित तपासणी चुकवून चालत नाही. प्रशिक्षित तंत्रज्ञ, मूत्रपिंडविकारतज्ज्ञांची देखरेख, रक्त गाळणारे डायलायझर, नळ्या आणि औषधे हा खर्च वेगळा. रुग्ण आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा येतो, म्हणजे वर्षाला १०४ ते १५६ वेळा, आणि प्रत्यारोपण झाले नाही तर जन्मभर. त्याने जिल्ह्याच्या केंद्रातील आपली जागा सोडून तालुक्याला नाव नोंदवले आणि ८ महिन्यांनी यंत्र बंद पडले, तर तिकडची जागा एव्हाना दुसऱ्याला गेलेली असते. यंत्र न मिळाल्याने जितकी गैरसोय होते, त्याहून मोठा घात ते मिळून बंद पडल्याने होतो. शासनाचा २०१६ पासूनचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे; तालुक्याला केंद्र हवे असेल तर ते त्या कार्यक्रमातून मागावे, म्हणजे माणसे आणि साहित्य यांची तरतूद त्याच्यासोबत येते.

थोड्या पैशांत सेवा कशी सुधारते, याचे माझ्या डोळ्यांसमोरचे उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. बाळाचे वजन घेणे, त्याला उबेत ठेवणे, मिनिटाचे श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि वेळ आल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, एवढे त्यांचे शिक्षण. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा तिसऱ्या वर्षाअखेर नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटलेले होते. आज आशा ताई बाळंतपणानंतर ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहतात, ती देशभरची पद्धत याच कामातून आली. यात महागडी वस्तू कोणती होती? वजनकाटा, घड्याळ आणि बाळाची उबदार पिशवी. खर्च झाला तो शिकवण्यावर, देखरेखीवर आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवण्यावर, आणि नेमका याच खर्चाला देणगीदार मिळत नाहीत.

वाटसरू

मी थोडा वाईटपणा घेतो. ग्रामीण रुग्णालय शासनाचे आहे. तेथे वीज गेल्यावर दिवा लागावा यासाठी एका अंगणवाडी सेविकेच्या ठेवी मोडाव्या लागत असतील, तर यात कौतुक कशाचे? सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातच लिहिलेले आहे. देणगीदार पुढे आला की मागणीपत्रातली ती ओळ खोडली जाते, आणि पुढच्या वर्षी ‘ही सोय उपलब्ध आहे’ असा शेरा पडतो.

शिवाय धर्मादाय म्हणवणाऱ्या मोठ्या रुग्णालयांकडे आधी पाहावे. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. आपल्या तालुक्यातील किती लोकांना हे ठाऊक आहे? त्या ८ लाखांतून एक जाणकार माणूस वर्षभर रुग्णालयाच्या दारात बसवला आणि त्याने जिल्ह्याला पाठवलेल्या रुग्णांचे अर्ज भरून दिले, तर त्यातून होणारा लाभ कोणत्याही यंत्रापेक्षा मोठा असेल.

गिरगावकर

वाटसरू यांचा शेवटचा मुद्दा मोलाचा आहे, पहिला मात्र अर्धाच पटतो. शासन आणि दाता यांच्यातली ही ओढाताण आजची नाही, आणि मुंबईचा इतिहास पाहिला तर दात्याने घातलेल्या अटीने कधी कधी शासनाला हलवलेलेही दिसते.

सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले, हे सर्वांना माहीत असते. त्यामानाने कामा रुग्णालयाची कथा कमी सांगितली जाते. १८८० च्या दशकाच्या आरंभी सोराबजी शापुरजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांनी मुंबईत एक निधी उभारला, तो इमारतीसाठी नव्हता. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवत नसत, म्हणून विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणायच्या आणि त्यांच्या प्रवासाची व पगाराची हमी द्यायची, यासाठी तो होता. त्यातूनच डॉ. इडिथ पेची १८८३ मध्ये मुंबईत आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीचे रुग्णालय १८८६ मध्ये उघडले, तेव्हा ते चालवायला डॉक्टर शहरात हजर होत्या. आधी पगाराची सोय आणि मग भिंती, हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरे उदाहरण केईएमचे. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे देताना, अध्यापक शासकीय नोकरीबाहेरचे आणि भारतीय असतील, अशी अट घातली. त्या काळी मोठ्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील गोऱ्या अधिकाऱ्यांकडे असत. महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले आणि डॉ. जीवराज मेहता त्याचे पहिले अधिष्ठाता झाले. रुग्णालय महापालिकेचे, पैसा खासगी आणि अट स्वाभिमानाची. टाटा न्यासाने १९४१ मध्ये सुरू केलेले टाटा स्मारक रुग्णालयही पुढे केंद्र शासनाकडे गेले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाखाली आहे. देणगीने आरंभ करायचा आणि शासनाने पुढे चालवायचे, असा प्रवासही घडलेला आहे.

जाता जाता आणखी एक. बाहेरगावच्या कर्करुग्णांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो. उपचार रुग्णालयात मिळतात, पण सहा आठवडे मुंबईत राहायचे कोठे, या प्रश्नापायी घरी परतलेली माणसे मी पाहिली आहेत. वैद्यकीय सेवेतला हा खड्डा कोणत्याही यंत्राने भरत नाही.

हिशेबनीस

कृष्णाकाठ यांनी वाट विचारली होती, ती सांगतो. ग्रामीण रुग्णालयाला देणगी देण्याचा रीतसर मार्ग म्हणजे तेथील रुग्ण कल्याण समिती. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासून या समित्या सर्वत्र झाल्या. त्यांचे स्वतःचे बँक खाते असते, आणि बैठकीत ठराव करून त्या देणगी स्वीकारू शकतात. रक्कम धनादेशाने किंवा खात्यातून द्यावी, पावती घ्यावी आणि ठरावाची प्रत मागून घ्यावी. वस्तू दिली तर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) तिची नोंद झाल्याचे स्वतः पाहावे. नोंद नसलेल्या वस्तूच्या दुरुस्तीचा खर्च मंजूर करताना पुढचा अधिकारी कचरतो आणि त्यात त्याची चूक नसते.

प्राप्तिकराच्या बाबतीत तीन गोष्टी लोक विसरतात. संस्थेला देणगीवर करवजावट मिळवून देणारी, ८०जी ची म्हणून ओळखली जाणारी मान्यता आहे की नाही ते आधी विचारावे. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीला वजावट नाही, आणि वस्तुरूप देणगीलाही नाही, म्हणजे आपण स्वतः यंत्र विकत घेऊन दिले तर वजावटीचा प्रश्न तेथेच संपतो. शिवाय नव्या करप्रणालीत गेलेल्या माणसाला ही वजावट मिळत नाही.

भाऊ अमेरिकेत आहेत, म्हणून आणखी एक. ते अजून भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असतील, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरीही ती परदेशी देणगी ठरते. मग ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरएची (परदेशी देणगीविषयक कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत त्यासाठीचे खाते असावे लागते. तालुक्याच्या समितीकडे असे काही असण्याची आशा धरू नये.

एडिसनकर

येथे अमेरिकेत आमच्या मंडळात दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी जुनी रुग्णालयीन यंत्रे कंटेनरमधून गावी पाठवण्याची कल्पना मांडतो. येथील यंत्रे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतात, तिकडे २३० आणि ५०. सुटे भाग मिळत नाहीत, माहितीपुस्तिका इंग्रजीत, आणि वापरलेली यंत्रे आयात करण्याचे नियम कडक. आता आम्ही कंटेनरचा विषय निघाला की चहा मागवतो.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भावाने तिकडचे नागरिकत्व घेतलेले आहे, त्यामुळे हिशेबनीस यांचा मुद्दा आम्हाला थेट लागू पडला. त्याचा वाटा त्याने तूर्त स्वतःकडेच ठेवला असून एफसीआरए नोंदणी असलेल्या एखाद्या संस्थेला तो स्वतंत्रपणे देईल. आमच्याकडे त्यामुळे ५ लाख ५० हजार उरले.

सिस्टरांच्या सांगण्याप्रमाणे ताई आणि मी प्रसूतिकक्षाबाहेर एक सकाळ बसलो. एकाऐवजी तीन सकाळी झाल्या, कारण पहिल्या दिवशी आम्ही कोणत्या रुग्णाचे नातेवाईक, असेच सगळे विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी आयाबाईंनी ताईला आतला विजेचा फलक दाखवला, आणि मग बोलणे सुरू झाले. वॉर्मर दोन आहेत आणि दोन्ही चालू आहेत. सक्शन यंत्र आहे. भिंतीवर इन्व्हर्टरही आहे, पण त्याच्या बॅटऱ्या तीन वर्षांपूर्वीच संपल्या आणि त्या बदलण्याचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, यावर पत्रव्यवहार चालू आहे. पत्रांची फाईल आम्हाला पाहायला मिळाली. ती बॅटरीपेक्षा जड होती. जनरेटरला हात लावणारा माणूस संध्याकाळी ६ वाजता घरी जातो.

वैद्यकीय अधीक्षक तरुण आहेत आणि मोकळेपणाने बोलले. देणगी म्हटल्यावर त्यांनी प्रथम प्रवेशद्वाराच्या कमानीचा विषय काढला, हे येथे नमूद करतो. ताईने फलकाबद्दल विचारल्यावर त्यांनी कमान बाजूला ठेवली. वाटसरू यांनी सुचवलेल्या मदतनिसाबद्दलही बोलणे झाले. जागा आणि टेबल द्यायला ते तयार आहेत. इन्व्हर्टर किती क्षमतेचा घ्यावा, हे येथे कोणी सांगू शकेल काय?

वीजतंत्री

दुकानदार दिव्या-पंख्यांचा हिशेब करून इन्व्हर्टर देतात आणि वॉर्मर लावला की तो बंद पडतो. जुन्या बॅटऱ्या लवकर संपण्याचे कारणही हेच असावे. वॉर्मर म्हणजे हीटर आहे. प्रत्येकी ७०० वॅट धरले तर दोघांचे १,४०० होतात. त्यात सक्शनचे २०० आणि दिव्यांचे १०० मिळवून १,७०० वॅट. तीन तास वीज गेली तर ५.१ युनिट लागतील. १२ व्होल्ट आणि १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत कागदावर १.८ युनिट असतात, पण त्यातले निम्म्याहून फार अधिक उपसू नयेत, नाहीतर तिचे आयुष्य घटते. म्हणून ५ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि ८ बॅटऱ्या घ्याव्यात. प्रसूतिकक्षाची वायरिंग वेगळी काढून घ्यावी, अन्यथा कचेरीतला कूलर त्याच लाइनवर जोडला जाईल. अर्थिंग तपासून घ्यावे. वॉर्मरवरील पाटीवर वॅटचा आकडा असतो, तो आधी वाचावा आणि मगच दरपत्रक मागवावे.

वाटसरू

बॅटऱ्या चार-पाच वर्षांत संपतील, तेव्हा पुन्हा तीच फाईल उघडणार. त्याचे काय करणार?

कृष्णाकाठ

त्यासाठीच सगळे पैसे एकदम खर्च करायचे नाहीत, असे ठरले. वॉर्मरच्या पाटीवर ६५० वॅट निघाले. इन्व्हर्टर, बॅटऱ्या, वेगळी वायरिंग आणि अर्थिंग यांचे दरपत्रक सुमारे २ लाख ६० हजारांचे आले, आणि ती रक्कम समितीच्या खात्यात धनादेशाने जमा केली. ठरावाची प्रत हातात आली असून डेड स्टॉक रजिस्टरमधील नोंदीचे पान आम्ही पाहिले. १ लाख ५० हजार रुपयांची मुदत ठेव ताईच्या आणि माझ्या नावे केली आहे; ती पुढच्या बॅटऱ्यांची. उरलेल्या रकमेतून गावातल्याच एका निवृत्त ग्रामसेवकांना वर्षभर मानधन देऊन आठवड्यातले तीन दिवस टेबलावर बसवले आहे. धर्मादाय रुग्णालयांचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, शिधापत्रिकेच्या प्रती हे सगळे ते पाहतात. पहिल्या आठवड्यात ११ जण आले, त्यांपैकी ४ जण फक्त शौचालय कोठे आहे हे विचारायला.

नावाच्या पाटीचा विषय निघाला तेव्हा ताई म्हणाली की आईचे नाव इन्व्हर्टरच्या पेटीवर रंगाने लिहावे, कारण ती संगमरवरावर बसणारी बाई नव्हती. एकच शंका उरते. बॅटऱ्यांमधले पाणी दर महिन्याला पाहायचे असते. सिस्टरांवर आधीच पुष्कळ कामे आहेत, तर हे कोणाकडे द्यावे?

निवृत्त_सिस्टर

आयाबाईंकडे द्या, आणि त्यांच्या देखत एकदा झाकणे उघडून पातळी दाखवा. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन तेथेच ठेवा. तारीख आणि सही करायचा तक्ता मात्र वॉर्मरच्या डाव्या बाजूला, स्विचच्या उंचीवर लावा. कपाटाच्या दाराला आतून लावलेला तक्ता कोणी वाचत नाही.